आठ महिने, पाच लांबचे प्रवास आणि मागच्या सीटवरचा टॅबलेट

टॅबलेट घेतला तो निव्वळ गाडीतल्या प्रवासासाठी. मागे आठ वर्षांची मुलगी, साडेचार वर्षांचा मुलगा आणि दर दहा मिनिटांनी "अजून किती?" आता पाच लांबचे प्रवास झालेत, सगळे सहा तासांच्या वरचे. घेतल्याचा पश्चात्ताप नाही, पण पहिल्या प्रवासातली फजिती आधी सांगते.

आदल्या रात्री अकरा ॲप्स उतरवून ठेवली होती. निघून तास झाला, नेटवर्क गेलं आणि अकरातली सात बंद पडली. धाकट्याने स्क्रीन माझ्याकडे फिरवली, "आई, हे नुसतं गोल गोल फिरतंय." तेव्हापासून निघायच्या आदल्या दिवशी एअरप्लेन मोड लावून प्रत्येक ॲप मी स्वतः पाच-दहा मिनिटं खेळून बघते. नुसतं उघडून बघणं पुरत नाही, कारण पहिली पातळी चालते आणि दुसरीला इंटरनेट मागते. डाउनलोड केलेल्या व्हिडिओंचंही तसंच. काही सेवांवर एखादा व्हिडिओ एकदा सुरू केला की ४८ तासांत संपवावा लागतो. मी "चालतोय ना" म्हणून घरीच सुरू करून पाहिला होता, परतीच्या वाटेवर तो गायब.

दुसरा धडा उलटीचा. आतल्या कानाला गाडी वळतेय हे कळतं, डोळ्यांसमोरची स्क्रीन मात्र स्थिर, आणि या गोंधळातून मळमळ सुरू होते. साधारण २ ते १२ या वयात हा त्रास सर्वांत जास्त. मोठीने घाटात दोन वेळा गाडी थांबवायला लावली, दुसऱ्यांदा थांबेपर्यंत उशीर झाला होता. (टॅबलेटचं कव्हर धुता येणारं घ्या, एवढंच सांगते.) आता वळणं सुरू झाली की स्क्रीन बंद आणि गोष्टी ऐकायच्या. मांडीवर ठेवून मान खाली घालण्यापेक्षा पुढच्या सीटच्या मागे घट्ट बसणारा स्टँड बरा. अचानक ब्रेक लागला तर सुटा टॅबलेट उडून कुणालाही लागू शकतो, तीही भीती राहत नाही.

चार्जिंगने पण रडवलं. आमच्या गाडीतल्या जुन्या यूएसबी पोर्टमधून अर्धा अँपिअर, म्हणजे अडीच वॅट मिळतात. चार्जिंगचं चिन्ह दिसायचं आणि बॅटरी उतरतच जायची. १२ व्होल्टच्या सॉकेटमध्ये बसणारा जास्त वॅटचा चार्जर घेतल्यावर सुटलो. उन्हात उभ्या गाडीत टॅबलेट ठेवू नका, आयपॅड वापरायची तापमानाची मर्यादासुद्धा ३५ अंशांचीच आहे. आमचा एकदा तापून बंद पडला आणि मुलं माझ्याकडे अशी बघत होती जणू मीच तो तापवला.

मुलांच्या हेडफोनवर "कमाल ८५ डेसिबल" असं लिहिलेलं बघून मी निर्धास्त होते. जागतिक आरोग्य संघटनेने मुलांसाठी सांगितलेली पातळी ७५ डेसिबल आहे, तीही आठवड्याला ४० तासांपर्यंत. म्हणून टॅबलेटमध्येही आवाजाला मर्यादा घालून ठेवली. धाकटा सारखा गेममधून बाहेर पडून भलतंच काहीतरी उघडायचा, त्याला आयपॅडवरचं गाइडेड ॲक्सेस, म्हणजे स्क्रीन एकाच ॲपवर अडकवून ठेवायची सोय, हा उतारा. अँड्रॉइडवर त्यासाठीच ॲप पिन करता येतं.

आता ॲप्स. जिंकण्या-हरण्याचे खेळ मी सगळे काढून टाकले. "माझा चान्स होता, तू मुद्दाम आउट केलंस" हे भांडण दोनशे किलोमीटर चालतं. फुकटच्या रंगभरणाच्या एका ॲपमध्ये दर चित्रानंतर जाहिरात यायची आणि ती बंद करायची फुली मुंगीएवढी, तेही गेलं. धाकट्यासाठी खान अकॅडमी किड्स टिकलं. जाहिराती नाहीत, पैसे नाहीत, फक्त पुस्तकं आणि खेळ आधी उतरवून ठेवावे लागतात.

मोठीसाठी मात्र स्क्रॅचज्युनिअरला तोड नाही. खरं तर ते ५ ते ७ वर्षांच्या मुलांसाठी आहे, त्यामुळे तिला लहान पडेल असं वाटलं होतं. ठोकळे एकापुढे एक जोडायचे की पडद्यावरचं मांजर चालतं, उडी मारतं, बोलतं. इंटरनेट लागत नाही, गुण नाहीत, शेवटही नाही, त्यामुळे "संपलं, आता दुसरं दे" होत नाही.

पण सगळ्यात जास्त फरक पडला तो टॅबलेट कधी द्यायचा हे ठरवल्याने. निघाल्या निघाल्या दिला की दोन तासांत कंटाळा, आणि खरी किरकिर सुरू होते तेव्हा आपल्या हातात काहीच उरत नाही. सुरुवातीला खिडकी, गाड्यांचे नंबर, झोप, भांडणं, जे व्हायचं ते होऊ दे. शेवटचे दोन तास राहिले की टॅबलेट बाहेर. त्यातही धाकट्याला एकच तास, मग तो ताईच्या खांद्यावरून डोकावत बसतो.

गेल्या वेळी अंधार पडायला आला होता. मोठीने त्याला हळूच काहीतरी बोलायला लावलं, ते रेकॉर्ड केलं आणि मांजराला जोडलं. मांजरावर बोट ठेवलं की ते धाकट्याच्या आवाजात विचारायचं, "अजून किती?" दोघं हसून हसून लोळत होते. विसाव्या वेळी गाडी चालवणाऱ्या बाबाने आरशात न बघताच मांजराला सांगितलं, "चाळीस मिनिटं रे बाबा."