स्वतःचा लॅपटॉप की विद्यापीठाचा संगणक? आवारातील इंटरनेट आणि संगणक सुविधांचा तुलनात्मक आढावा

विद्यापीठात प्रवेश निश्चित झाला की बहुतेक घरांत आधी लॅपटॉप घेतला जातो, मग वसतिगृहात गेल्यावर तेथील इंटरनेट कसे आहे ते कळते, आणि पहिले सत्र संपत आल्यावर लक्षात येते की अभ्यासक्रमाला लागणारे सॉफ्टवेअर त्या लॅपटॉपवर चालतच नाही, मात्र विभागाच्या संगणक प्रयोगशाळेत ते सुरुवातीपासून उपलब्ध होते. माझ्या मते हा क्रम उलटा हवा. विद्यापीठ काय देते ते आधी पाहावे आणि जे ते देत नाही किंवा गरजेच्या वेळी देऊ शकत नाही, त्यावर स्वतःचा पैसा खर्च करावा. पुढील तुलना या एकाच कसोटीवर केली आहे: प्रबंध किंवा प्रकल्प जमा करण्याच्या आदल्या रात्री कोणती सोय हाताशी राहील?

वायफाय, केबल आणि मोबाइल डेटा

खोलीत इंटरनेट मिळवण्याचे साधारणपणे तीन मार्ग असतात. त्यांची तुलना करताना जाहिरातीतील वेगापेक्षा गर्दीच्या वेळचा अनुभव महत्त्वाचा आहे.

वायफाय ही वाटून घ्यायची सोय आहे. एका ॲक्सेस पॉइंटच्या (वायफाय पुरवणाऱ्या उपकरणाच्या) चॅनेलवर जोडलेली सर्व उपकरणे एकाच हवेतून बोलतात आणि प्रत्येकाला आपल्या पाळीची वाट पाहावी लागते. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल साधारणपणे तीनच, म्हणजे १, ६ आणि ११. त्यामुळे वसतिगृहाच्या एका मजल्यावर दहा जणांनी स्वतःचे हॉटस्पॉट सुरू केले की विद्यापीठाचे वायफायही मंदावते. ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चॅनेल पुष्कळ असतात, पण त्या लहरी भिंतींमध्ये अधिक अडतात. शिवाय कोपऱ्यातील खोलीत, क्षीण सिग्नलवर बसलेले उपकरण तोच मजकूर पाठवायला जास्त वेळ घेते आणि तो वेळ इतरांच्या वाट्यातून जातो. म्हणून दुपारी, वसतिगृह रिकामे असताना मोजलेल्या वेगावर विसंबू नये. रात्री, सगळे खोलीत परतल्यावर, स्वतःच्या पलंगावर बसून पुन्हा मोजावा.

भिंतीत लॅनचा, म्हणजे केबलने नेटवर्कला जोडण्याचा, सॉकेट असेल तर मी निःसंकोचपणे केबलच्या बाजूने आहे. केबलला स्विचवरचा (अनेक केबल एकत्र जोडणाऱ्या पेटीवरचा) स्वतंत्र पोर्ट मिळतो, पाठवणे आणि घेणे एकाच वेळी चालते, आणि शेजारच्या खोलीत कोण काय पाहत आहे याचा तुमच्या खोलीपासून स्विचपर्यंतच्या दुव्यावर परिणाम होत नाही. ऑनलाइन मुलाखत, व्हिडिओवरील तोंडी परीक्षा किंवा मोठ्या फाइलचे अपलोड यांसाठी ही स्थिरता वेगापेक्षा मोलाची ठरते. पातळ लॅपटॉपला लॅनचा पोर्ट नसतो, त्यामुळे यूएसबीचा एक छोटा अडॅप्टर घ्यावा लागतो, आणि काही ठिकाणी उपकरणाची नोंदणी करावी लागते. एक चूक मात्र टाळावी: त्या सॉकेटला स्वतःचा राउटर जोडू नये. तो उलट्या पोर्टमधून जोडला गेला तर शेजारच्या संगणकांना स्वतःच चुकीचे नेटवर्क पत्ते वाटू लागतो आणि मजल्यावरील अनेकांचे इंटरनेट बंद पडते. राउटरला मनाई करणारे नियम जाचक वाटतात, पण त्यांमागे हे खरे कारण आहे.

मोबाइल डेटाचे बलस्थान त्याच्या स्वातंत्र्यात आहे. विद्यापीठाचे नेटवर्क बंद पडले तरी तो चालू राहतो. त्याची मोठी उणीव पहिल्या संदर्भसूचीच्या वेळी जाणवते. ग्रंथालयाने वर्गणी भरलेली अनेक नियतकालिके वाचक विद्यापीठातील आहे की नाही हे आयपी पत्त्यावरून (इंटरनेटवरील जोडणीच्या क्रमांकावरून) ओळखतात. तोच लेख आवारातील वायफायवर पूर्ण उघडतो आणि मोबाइल डेटावर पैसे मागतो. यावर उपाय आहेत: बाहेरूनही जोडणी विद्यापीठाच्या नेटवर्कमधून नेणारा विद्यापीठाचा व्हीपीएन, तेच काम नियतकालिकांसाठी करणारी ग्रंथालयाची प्रॉक्सी किंवा संस्थेच्या खात्याने लॉगिन. सुट्टीत घरी जाण्यापूर्वीच यांपैकी एक तरी जुळवून ठेवावा. मोबाइल डेटा राखीव म्हणून ठेवावा. मुख्य जोडणी म्हणून तो महाग पडतो आणि मर्यादा संपल्यावर मंदावतो.

वायफायमध्येही दोन प्रकार आढळतात आणि त्यांतील फरक केवळ सोयीचा नाही. एका प्रकारात जोडल्यावर लॉगिनचे पान उघडते. अशा नेटवर्कवर उपकरण आणि ॲक्सेस पॉइंट यांमधील हवेतील प्रवास पुष्कळदा कूटबद्ध (इतरांना वाचता न येणारा) नसतो. दुसऱ्या प्रकारात, ज्याचे सर्वांत परिचित उदाहरण एज्युरोम (शिक्षणसंस्थांचे सामायिक वायफाय) आहे, प्रत्येक वापरकर्त्याची ओळख स्वतंत्रपणे पटवून जोडणी कूटबद्ध केली जाते. नेदरलँड्समधून २००२ च्या सुमारास पुढे आलेली ही कल्पना आता शंभराहून अधिक देशांत आणि प्रदेशांत पोहोचली आहे. परिषदेसाठी दुसऱ्या विद्यापीठात गेलात तरी आपल्याच संस्थेचे खाते तेथे चालते, कारण यजमान संस्था ओळख पटवण्याची विनंती तुमच्या संस्थेकडे पाठवते. दोन्ही पर्याय असतील तर एज्युरोम निवडावे. मात्र ते जोडताना संस्थेने दिलेले जुळणीचे साधन वापरावे आणि ‘प्रमाणपत्र तपासू नका’ (म्हणजे नेटवर्क खरे आहे का ते पडताळू नका) हा पर्याय कधीही निवडू नये. तसे केल्यास त्याच नावाचे बनावट नेटवर्क उभारणाऱ्याच्या हाती तुमचा पासवर्ड जाऊ शकतो, आणि त्याच पासवर्डवर तुमचा ईमेल व निकालही उघडत असतात.

लॅपटॉप, प्रयोगशाळा आणि दूरस्थ संगणक

विद्यार्थ्याने संगणकाचा मालक नसतानाही त्याचा मुक्त वापर करावा, हा विचार जुना आहे. १९६४ मध्ये डार्टमथ कॉलेजात जॉन केमेनी आणि थॉमस कुर्ट्झ यांनी एकच संगणक त्याला जोडलेल्या अनेक टर्मिनलवरून (कळफलक असलेल्या यंत्रांवरून) एकाच वेळी वापरता येईल अशी व्यवस्था सुरू केली आणि तिच्याबरोबर बेसिक ही प्रोग्रामिंगची भाषा दिली. एमआयटीच्या १९८३ मध्ये सुरू झालेल्या अथेना प्रकल्पाने पुढचे पाऊल टाकले: आवारातील कोणत्याही संगणकावर बसा, आपल्याच फाइल समोर येतील. प्रयोगशाळेची पारख मी आजही याच गोष्टीवरून करतो. एका संगणकावर फाइल साठवावी, बाहेर पडावे, दुसऱ्या खोलीतील संगणकावर लॉगिन करावे आणि ती फाइल दिसते का ते पाहावे. दिसत नसेल, किंवा बाहेर पडताच संगणक सर्व काही पुसून टाकत असेल, तर पेन ड्राइव्ह किंवा ऑनलाइन साठवण यांशिवाय तेथे बसू नये.

प्रयोगशाळेची खरी संपत्ती म्हणजे परवान्याची सॉफ्टवेअर. मॅटलॅब (आकडेमोड), आर्कजीआयएस (नकाशे), एसपीएसएस (सांख्यिकी) यांसारखी साधने तेथे विद्यार्थ्याला वेगळा खर्च न करता मिळतात, पडदे मोठे असतात आणि देखभाल दुसरे कोणीतरी करते. पण खोलीला वेळा असतात, तासिका चालू असताना जागा मिळत नाही, आणि सामायिक परवान्यांची संख्या ठरलेली असेल तर सत्राच्या शेवटच्या आठवड्यात रिकामी खुर्ची मिळूनही सॉफ्टवेअर उघडत नाही. स्वतःला हवे ते सॉफ्टवेअर बसवण्याची मुभाही सहसा नसते.

लॅपटॉप नेमका या उणिवा भरून काढतो, म्हणून तो प्रयोगशाळेला पूरक म्हणून घ्यावा. लेखन, प्रोग्रामिंग आणि मध्यम आकाराची आकडेमोड यांसाठी १६ जीबी रॅम आणि एसएसडी असलेला साधा लॅपटॉप पुरतो. रॅम नंतर वाढवता येईल या भरवशावर राहू नये, कारण अनेक लॅपटॉपमध्ये ती मदरबोर्डवरच पक्की बसवलेली असते. विकत घेण्यापूर्वी विभागाला विचारावे, कारण सॉलिडवर्क्स (यंत्रांचे रेखाटन) आणि आर्कजीआयएस प्रो ही सॉफ्टवेअर विंडोजसाठीच बनतात आणि मॅकबुक घेतलेल्या विद्यार्थ्याला त्यासाठी वेगळी वाट शोधावी लागते. जुना लॅपटॉप घेणाऱ्याने तो विंडोज ११ ला पात्र आहे का ते पाहावे. विंडोज १० चा नियमित आधार (सुरक्षा अद्यतने) १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. पात्र नसेल तर लिनक्सवर तोच लॅपटॉप आणखी काही वर्षे चांगली सेवा देऊ शकतो, आणि लिबरऑफिस (लेखन), आर व पायथन (प्रोग्रामिंग), क्यूजीआयएस (नकाशे) ही सर्व साधने तेथे विनामूल्य मिळतात.

तिसरा पर्याय दूरस्थ संगणकाचा आहे. आभासी डेस्कटॉपमध्ये सॉफ्टवेअर विद्यापीठाच्या सर्व्हरवर चालते आणि तुमच्याकडे केवळ त्याचे चित्र येते, त्यामुळे साध्या लॅपटॉपवरही जड सॉफ्टवेअर वापरता येते. पण जोडणी संथ किंवा अस्थिर असेल तर टाइप केलेले अक्षर उशिरा उमटते आणि रेखाटन करणे जवळपास अशक्य होते. याउलट दूरच्या संगणकाला केवळ टाइप केलेल्या आज्ञा देणारे, मजकुरावर चालणारे एसएसएच अगदी कमी वेगावरही नीट चालते. संशोधनासाठी विद्यापीठाचा संगणक समूह (एकत्र जोडलेले अनेक संगणक) उपलब्ध असेल तर प्रचंड आकडेमोडीसाठी लॅपटॉपवर पैसा घालणे मला अयोग्य वाटते. काम रांगेत लावावे आणि पाळी आली की ते आपोआप पूर्ण होते. तेथील फाइल ठेवण्याची तात्पुरती जागा ठरावीक काळाने साफ केली जाते हे मात्र ध्यानात ठेवावे. गूगल कोलॅबची (ब्राउझरमधून गूगलच्या संगणकावर प्रोग्राम चालवण्याची) विनामूल्य सोय शिकण्यासाठी उत्तम आहे, पण तिचे एक सत्र फार तर १२ तास चालते आणि संसाधनांची हमी नसते. प्रबंधाचे अंतिम प्रयोग केवळ तिच्यावर सोपवू नयेत.

फाइल कोणाकडे ठेवायच्या

विद्यापीठाच्या खात्यावर पूर्वी अमर्याद जागा मिळत असे; ते दिवस संपले आहेत. गूगलने २०२१ मध्ये जाहीर केले की प्रत्येक संस्थेला मिळून १०० टीबीची सामायिक जागा मिळेल, आणि पुढे मायक्रोसॉफ्टनेही शिक्षणसंस्थांसाठी तसाच निर्णय घेतला. त्यामुळे अनेक विद्यापीठांनी प्रत्येक विद्यार्थ्यासाठी मर्यादा ठरवल्या. याहून गंभीर बाब ही की पदवीनंतर हे खाते बंद होऊ शकते. रोजचे काम विद्यापीठाच्या जागेवर करावे, कारण तेथील फाइल लॅपटॉप हरवला किंवा बिघडला तरी शाबूत राहते. पण आठवड्यातून एकदा स्वतःच्या बाह्य डिस्कवर प्रत घ्यावी, आणि नोकरीच्या अर्जांसाठी वैयक्तिक ईमेल वापरावा.

छपाईबद्दल फार लिहिण्यासारखे नाही: स्वतःचा प्रिंटर घेऊ नये, विद्यापीठाचा वापरावा.

ज्या विद्यार्थ्याला लॅपटॉप परवडतच नाही, त्याच्याबद्दल मला विशेष काळजी वाटते, कारण वरील चर्चा त्याला सहज वगळून जाते. अनेक विद्यापीठांची ग्रंथालये काही तासांसाठी, काही ठिकाणी पूर्ण सत्रासाठी, लॅपटॉप उसने देतात; ही सोय ठळकपणे जाहीर केलेली नसते, म्हणून ग्रंथालयात आणि विद्यार्थी कल्याण विभागात जाऊन थेट विचारावे, तेही सत्राच्या पहिल्याच आठवड्यात, कारण पुढे ते संपतात. असा लॅपटॉप मिळाला नाही, तर प्रवेशानंतर वसतिगृहाची खोली निवडताना रात्री उशिरापर्यंत उघडी असणारी प्रयोगशाळा जिथून चालत गाठता येईल, तीच खोली मागावी.