अर्धा एसी बदलावा की अख्खा? सोलापूरच्या उन्हाळ्यासाठी जोड जमवताना

मार्चअखेरीला जुळे सोलापुरातल्या मेहुण्याचा दीड टनी स्प्लिट एसी बंद पडला. कॉम्प्रेसर गेला होता. मेकॅनिकनं जुन्या बिलाच्या पाठीमागं तीन पर्याय लिहून दिले: आहे त्याच आउटडोअरमध्ये, म्हणजे घराबाहेरच्या युनिटमध्ये, कॉम्प्रेसर बदलायचा, जुन्या बाजारातलं आउटडोअर आणून आतल्या युनिटला जोडायचं, किंवा अख्खा नवा एसी घ्यायचा. चौथा पर्याय सासूबाईंनी सुचवला, "कूलर आणा की, एवढं काय त्यात!"

सासूबाईंची गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही. आपल्याकडचा मे महिना कोरडा असतो आणि कूलर कोरड्या हवेवरच चालतो. बाहेर ४२ अंश तापमान आणि २० टक्के आर्द्रता असेल, तर चांगल्या पॅडमधून येणारी हवा साधारण २७ अंशांपर्यंत उतरते. खिडकीला ओली चादर लावून दुपार काढणाऱ्या घरांनी हे मोजमाप न करताच ओळखलं होतं. पण मृग लागला, हवेत दमटपणा आला, की तोच कूलर फक्त ओली हवा फेकतो. शिवाय पाण्याचा हिशेब आहे. दीड टनी एसी जेवढी उष्णता खोलीबाहेर काढतो, तेवढी पाण्यानं ओढून घ्यायची तर तासाला जवळपास ८ लिटर पाणी उडून जायला हवं. रात्रीचे आठ तास धरले तर ६० लिटरच्या पुढं. नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या गावात हे ६० लिटर कुणाच्या वाट्याचे, हे आधी घरात ठरवावं. बोअरचं पाणी वापरलं तर पॅडवर पांढरा क्षार चढतो आणि हवा अडते, म्हणून टाकीत नुसती भर न घालता आठवड्यातून एकदा ती पूर्ण रिकामी करावी लागते.

एक चूक मात्र मी बऱ्याच घरांत पाहतो. एसी चालू, आणि "गारवा वाढावा" म्हणून त्याच खोलीत कूलरही चालू. कूलरला खिडकी उघडी लागते, एसीला बंद. कूलर हवेत पाणी सोडतो, एसी वीज जाळून तेच पाणी काढून ड्रेन पाइपमधून बाहेर टाकतो. दोन्ही ठेवायचेच असतील तर वेगळ्या खोल्यांत ठेवा.

आता मूळ प्रश्न, अर्धा की अख्खा.

मेहुण्याचा एसी आर-२२ गॅसवरचा होता. मेकॅनिक म्हणाला, "आउटडोअर आर-३२ चं मिळतंय, इनडोअर राहू द्या." ऐकायला स्वस्त वाटतं. पण बाहेरच्या कॉइलचं (कंडेन्सरचं) तापमान तेच धरलं, तर आर-३२ आणि आर-४१०ए या नव्या गॅसचा दाब आर-२२ च्या साधारण दीडपट भरतो. जुनी कॉइल आणि तिचे सांधे त्या दाबासाठी बनवलेले नसतात. दुसरी अडचण तेलाची. आर-२२ च्या कॉम्प्रेसरमध्ये मिनरल तेल असतं, नव्या गॅसना वेगळं सिंथेटिक तेल लागतं. जुनं तेल कॉइलमध्ये आणि पाइपमध्ये चिकटून राहतं, नव्या गॅसबरोबर नीट मिसळत नाही, आणि कॉम्प्रेसरकडे तेल परत यायचं चक्र बिघडतं. तिसरी गोष्ट कॅपिलरीची, म्हणजे गॅसचा दाब उतरवणाऱ्या बारीक नळीची. ती एका ठरावीक गॅससाठी आणि ठरावीक टनासाठी मोजून कापलेली असते.

टनाचाही मेळ बसावा लागतो. इनडोअर एक टनाचं आणि आउटडोअर दीड टनाचं जोडलं, तर आतली कॉइल गरजेपेक्षा गार होऊन तिच्यावर बर्फ धरतो. अर्धवट द्रव राहिलेला गॅस कॉम्प्रेसरकडे परत जातो आणि महागडा भाग तिथं मरतो. उलट जोडणी एवढी घातक नाही. पण आउटडोअरची जेवढी ताकद, त्यापेक्षा जास्त थंडावा कुणी देऊ शकत नाही, आणि मोठ्या कॉइलमुळं पावसाळ्यात हवा कोरडीही होत नाही.

बाजारात अशी जोडकामं चालतात, हे खरं. साध्या, म्हणजे इन्व्हर्टर (गरजेनुसार कॉम्प्रेसरचा वेग कमी-जास्त करणारी यंत्रणा) नसलेल्या एसीत इनडोअर फक्त बाहेर वीज पाठवतो आणि थांबवतो, म्हणून कंपनी वेगळी असली तरी जोडी "चालू" होते. इन्व्हर्टर एसीत तसं होत नाही. आतलं आणि बाहेरचं पीसीबी (सर्किट बोर्ड) सिग्नलच्या तारेवर एकमेकांशी बोलतात आणि प्रत्येक कंपनीची भाषा वेगळी. जुळलं नाही तर पडद्यावर एरर येतो आणि मेकॅनिक "बोर्ड गेला" म्हणून अजून एक भाग विकतो.

त्याच आउटडोअरमध्ये तोच कॉम्प्रेसर आणि तोच गॅस हा पर्याय त्यामानानं सरळ आहे, कारण मेळ बिघडत नाही. एसी चार-पाच वर्षांचा, कॉइल शाबूत, गॅस आर-३२ किंवा आर-४१०ए असेल तर मी हाच घेईन. कॉम्प्रेसर जळाला असेल तर पाइप धुवून घ्यावेत, नाहीतर आतली काजळी नव्यालाही खाते. पण एसी आर-२२ चा असेल तर पुढच्या गळतीला पुन्हा हाच प्रश्न उभा राहणार. मॉन्ट्रियल करारामुळं (१९८७) हा गॅस टप्प्याटप्प्यानं बंद होत चाललाय, त्याच्या भोवती पैसे गुंतवण्यात अर्थ नाही.

नव्या जोडीत एक मोह होतो, तो आतलं-बाहेरचं युनिट जोडणारा जुना गॅसचा पाइप वाचवण्याचा. भिंतीत दडवलेला पाइप असला की मोह जास्त. आर-२२ चा पाइप नव्या एसीला वापरण्याआधी जाडी, व्यास आणि आतलं तेल, तिन्ही पाहावं लागतं. दीड टनाला बहुतेक वेळा पाव इंची आणि अर्धा इंची लागतो, पण काही मॉडेलना वेगळा व्यास लागतो, म्हणून माहितीपुस्तिकेतला आकडा बघा, मेकॅनिकची आठवण नको. शक्य असेल तर तांब्याचा नवा पाइप घ्या. आणि बसवताना व्हॅक्यूम पंप लावायला सांगा. गॅसचाच थोडा फुसका सोडून हवा काढायची जुनी सवय आर-३२ बरोबर नको, तो थोडा पेट घेणारा गॅस आहे. पाइप युनिटला जोडणाऱ्या नटाचे (फ्लेअर नट) सांधे साबणाच्या फेसानं तपासायला मिनिटंच लागतात.

कॉइल तांब्याची की ॲल्युमिनियमची, यावर दुकानात तासभर वाद होतो. मला तांबं बरं वाटतं, गावात दुरुस्ती सोपी होते एवढ्यासाठी. त्यापलीकडे या वादात वेळ घालवू नका.

वीज मात्र हलक्यात घेऊ नका. दीड टनाला ४ चौरस मिमीची तांब्याची वायर, वेगळा एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच) आणि नीट अर्थिंग हवं. पंख्याच्या बोर्डावरून ओढलेल्या तारेवर एसी चालवणं म्हणजे तार गरम करणं. स्टॅबिलायझरचं असं आहे: इन्व्हर्टर एसी ठरावीक पट्ट्यातला व्होल्टेजचा चढउतार सोसतो, तो पट्टा माहितीपुस्तिकेत असतो. संध्याकाळी तुमच्या गल्लीत व्होल्टेज त्याखाली जातं का, हे मल्टीमीटरनं दोन-तीन दिवस पाहा. जात असेल तर दीड टनाला ४ केव्हीए घ्या. जात नसेल तर नको.

आता स्टार. वीजबचतीच्या स्टार लेबलवरचा वार्षिक वीजवापर १६०० तासांवर काढलेला असतो. तुम्ही एप्रिल ते जून ९० रात्री, रोज आठ तास झोपायच्या खोलीत एसी लावला तर तास झाले ७२०. लेबलवर ३ आणि ५ स्टारमध्ये २०० युनिटचा फरक दिसत असेल, तर तुमच्या हाती ढोबळपणे ९० युनिट येतील. दुकानातला जास्तीचा खर्च त्या ९० युनिटांत किती वर्षांत फिटतो, ते तिथंच मोबाइलवर काढा. महावितरणच्या १००, ३०० आणि ५०० युनिटांच्या टप्प्यांत तुमचं बिल वरच्या टप्प्यात जात असेल, तर हाच हिशेब ५ स्टारकडं झुकतो. आणि स्टार कुठल्या वर्षाचे ते पाहा, निकष वेळोवेळी कडक होतात. कालचा ५ आज ४ किंवा ३ असू शकतो.

एसीची ताकद ३५ अंशांना मोजून लिहिलेली असते, आपली दुपार ४२-४३ ची. त्यामुळं १० बाय १२ ची खोली वरच्या मजल्यावर, तापलेल्या स्लॅबखाली असेल तर एक टन कमी पडतो. दीड टन घेण्याआधी गच्चीला पांढरा उष्णतारोधक रंग देऊन बघा. जुन्या माळवदाच्या घरांना ही अडचण कमी होती, मातीचा थर जाड होता. आउटडोअर पश्चिमेच्या भिंतीवर टाळा. टाळता येत नसेल तर वर पत्र्याची सावली करा, पण पंख्यासमोर अडथळा नको.

"हॉट अँड कोल्ड" मॉडेलबद्दल मेहुण्यानं विचारलं होतं. आपल्याकडं गारठा म्हणावा असे दिवस फार तर पौषात, ते चादरीत निघतात. त्या पैशात गीझर बदला.

मेहुण्यानं शेवटी दीड टनी ३ स्टार इन्व्हर्टर जोडी, नवा पाइप आणि वेगळी वायर घेतली. हॉलमध्ये कूलर आहेच, सासूबाई दुपारी तिथंच पडतात. जुनं तांबं भंगारवाल्यानं वजनावर नेलं, आणि मेकॅनिकला व्हॅक्यूम पंप शेजाऱ्याकडून मागून आणावा लागला, तो पंप अजून मेहुण्याच्या जिन्याखालीच आहे.