इंजिनचा आवाज पकडाले घेतला कॉलर माइक

बोलेरोच्या इंजिनचा आवाज रेकॉर्ड कराचा होता म्हणून ऑनलाइन साडेसातशेचा कॉलर माइक मागवला. पह्यले बोनेटखाली ग्रिलजवळ टेपनं चिकटवला, दारव्ह्यावरून यवतमाळले गेलो, घरी येऊन आयकतो त नुसता फर्रर्र वारा, इंजिन कुठीच नाही बाप्पा! मंग आत डॅशबोर्डखाली डाव्या बाजूनं लावला, मायच्या जुन्या मफलरचा तुकडा गुंडाळला, मोबाइल भावाच्या हाती देला, गेन (माइक आवाज किती जोरात पकडते ते) उतरवून आवाज मायनस १२ डीबीच्या (डेसिबल, आवाजाचं माप) वर जाऊ देला नाही, तवा कुठं तिसऱ्या गिअरमधली टर्बोची (इंजिनात जास्त हवा ढकलणाऱ्या पंख्याची) शिट्टी आली, एकदम कडक! माइकची क्लिप मातर तिसऱ्याच दिवशी तुटली, विकणारा म्हणे बदलून भेटत नाही. आन सायलेन्सरजवळ वायर नेऊ नका, माही वितळली.