नांदेडातलं भाड्यानं कॉमिक्स देणारं दुकान, आणि ‘अनायलेशन’वर पिक्चर का यायलाच पाहिजे

वजिराबादच्या गर्दीतून आतल्या गल्लीत शिरलं की झेरॉक्सवाल्याच्या माडीवर हे दुकान आहे. बाहेर बोर्ड नाही, जिन्याच्या भिंतीवर सुपर कमांडो ध्रुवचं एक जुनं पोस्टर चिकटवलंय तीच खूण. नांदेडात राहून मार्व्हल डीसीचे पिक्चर बघणारी पोरं हजारोंनी असतील पण त्या पिक्चरमागची मूळ कॉमिक्स हातात धरून वाचलेली किती, हा प्रश्न मला कायम पडायचा, कारण नवी पुस्तकं ऑनलाइन मागवायची तर एकेक दोन-अडीच हजाराला पडतं, कॉलेजच्या पोराला कुठून परवडणार. इथं डिपॉझिट तीनशे, भाडं दिवसाला वीस रुपये, आणि तिथंच बाकड्यावर बसून वाचलं तर तासाला दहा. म्हणून हा रिव्ह्यू सविस्तर लिहायलोय, कारण दुकान टिकायचं तर गिऱ्हाईक पाहिजे.

दुकानवाल्या काकांचा माल बहुतेक हैदराबादचा. अबिड्सला रविवारी फुटपाथवर जुन्या पुस्तकांचा बाजार भरतो तिथून ते निवडून आणतात, काही नवं मागवतात. राज कॉमिक्सचा एक अख्खा रॅक आहे, नागराज, ध्रुव, डोगा सगळे, इंद्रजालचे जुने अंक आहेत पण ते फक्त बसून वाचायला, घरी देत नाहीत, आणि बरोबरच आहे ते. पण मी सांगायलोय तो कोपरा खिडकीजवळचा. तिथं काकांनी अंतराळातल्या मोठमोठ्या गोष्टींचे संच वाचायच्या क्रमानं लावलेत. प्रत्येक पुस्तकाला जाड प्लॅस्टिकचं कव्हर, पाठीवर मार्करनं नंबर, आणि आतल्या पहिल्या पानावर पेन्सिलीनं लिहिलेलं, याच्या आधी कोणतं वाचायचं आणि नंतर कोणतं. कॉमिक्स वाचणाऱ्याला कळेल ही केवढी मोठी सोय आहे, कारण या गोष्टी पाच-सहा वेगवेगळ्या मालिकांत विखुरलेल्या असतात आणि कुठून सुरू करायचं याच्यातच निम्मी लोकं नाद सोडतात.

मी सुरुवात केली मार्व्हलच्या ‘इन्फिनिटी गॉन्टलेट’पासून. १९९१ चे सहा अंक, लिहिणारा जिम स्टार्लिन, सुरुवातीची चित्रं जॉर्ज पेरेझची आणि पुढं रॉन लिमची. २०१८ आणि २०१९ चे दोन ॲव्हेंजर्स पिक्चर ज्याच्यावरून निघाले ते हेच, आणि वाचल्यावर कळतं की पिक्चरवाल्यांनी काय ठेवलं आणि काय टाकलं. कॉमिकमधला व्हिलन थॅनॉस पिक्चरसारखा धान्यपाण्याचा हिशोब करून निम्मं विश्व मारत नाही, त्याचं मृत्यूवर प्रेम आहे, खरोखरची बाई म्हणून मृत्यू त्याच्या शेजारी उभी आहे आणि ती त्याच्याकडं बघतसुद्धा नाही, म्हणून तो चुटकी वाजवतो. आणि त्याच्या विरोधात सगळी मांडणी करणारा असतो ॲडम वॉरलॉक, जो त्या दोन पिक्चरमध्ये नव्हताच, तो थेट २०२३ ला ‘गार्डियन्स ऑफ द गॅलेक्सी’च्या तिसऱ्या भागात आला. कॉमिकमध्ये डॉक्टर स्ट्रेंजच्या घराचं छप्पर फोडून खाली पडतो तो पिक्चरसारखा हल्क नाही तर सिल्व्हर सर्फर. तो तेव्हा घेता आला नाही, कारण फँटास्टिक फोरच्या गोतावळ्यातल्या पात्रांचे पिक्चरचे हक्क फॉक्सकडं होते, डिस्नेनं फॉक्स घेतलं २०१९ च्या मार्चमध्ये, तोवर इन्फिनिटी वॉर येऊन गेला होता.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे आता ती अडचण राहिली नाही. आणि म्हणूनच त्या बाकड्यावर रोज संध्याकाळी एकच चर्चा पेटलेली असते, की पुढं कोणती गोष्ट घेतील. क्लासेसवरून सुटलेली पोरं, एक बँकेत असलेले सर, एक मेडिकलवाला भैय्या, आणि काका. ॲव्हेंजर्सचे पुढचे पिक्चर, ‘डूम्सडे’ २०२६ च्या डिसेंबरला आणि ‘सीक्रेट वॉर्स’ २०२७ च्या डिसेंबरला हे जाहीर झालेलं आहे, रॉबर्ट डाउनी व्हिलन डॉक्टर डूम करणार हेही, मग पोरं लेखक हिकमनचं २०१५ चं ‘सीक्रेट वॉर्स’ काढून बसतात, त्यात डूमच देव होऊन बसलेला असतो, आणि पान उघडून भांडतात. “अरे हे असंच्या असं दाखवलं तरच मजा हाय, नसता कशाला करायलेत,” असं एक जण म्हणाला की दुसरा म्हणतो बजेट कुठून आणणार. काका मधेच म्हणतात, “बाळांनो, आधी वाचा रे, मग भांडा.”

माझं मत मात्र पक्कं आहे आणि ते या दुकानानंच दिलं. सीक्रेट वॉर्सनंतर मार्व्हलनं ‘अनायलेशन’ घ्यायला पाहिजे.

काकांकडं याचे दोन जाड पेपरबॅक आहेत, पूर्ण संचाचे. २००६ ची गोष्ट, मुख्य लेखक कीथ गिफन, जो २०२३ ला गेला. मूळ सहा अंकांची चित्रं आंद्रेआ दि व्हितोची, कव्हर डेल’ओत्तोची रंगवलेली, ती कव्हर आतमध्ये पूर्ण पानभर छापलीत. निगेटिव्ह झोन नावाचं एक उलटं विश्व, तिथला राजा अनायलस, किड्यासारखा दिसणारा, १९६८ पासून फँटास्टिक फोरचा शत्रू. आपलं विश्व पसरत पसरत त्याच्या हद्दीत घुसायलंय असं त्याचं म्हणणं, म्हणून तो अब्जावधी किड्यांची फौज घेऊन इकडं येतो. पहिल्यांदा किल्न नावाचा तुरुंग जातो, मग झँडार, म्हणजे नोव्हा कोअरचं मुख्यालय. एका दिवसात. विश्वाचे पोलिसच संपले.

आता झँडार आठवा. २०१४ च्या गार्डियन्समध्ये तो ग्रह आपण बघितलाय, सुंदर शहर, निळे आकाश, ती पिवळ्या विमानांची जाळी. आणि इन्फिनिटी वॉरमध्ये त्याचं काय झालं? थॉर एका वाक्यात सांगतो की थॅनॉसनं गेल्या आठवड्यात झँडार उद्ध्वस्त केला. एका वाक्यात! अख्खा ग्रह गेला आणि आपल्याला एक धुराचा लोटसुद्धा दाखवला नाही. मला तेव्हापासून ते खुपतं. कॉमिकमध्ये केव्ह वॉकरनं काढलेलं पान बघा, कोअरमधला रिचर्ड रायडर, म्हणजे नोव्हा, एकटा पोरगा ढिगाऱ्यातून वर येतो, चहूकडं त्याच्याच वर्दीतली प्रेतं, हेल्मेट फुटलेली, आणि त्या ढिगाऱ्यात वर्ल्डमाइंड, म्हणजे झँडारच्या सगळ्या मेलेल्या लोकांची आठवण साठवलेलं यंत्र, ते त्याला म्हणतं की अख्ख्या कोअरची शक्ती आता तुझ्या एकट्यात भरावी लागेल, आणि त्यानं तुला वेड लागू शकतं. तो हो म्हणतो. मी ते पान पहिल्यांदा वाचलं तेव्हा बाकड्यावर बाजूला काय चाललंय ते मला कळत नव्हतं, दुकान बंद करायची वेळ झाली तरी मी तिथंच. त्या पोराच्या डोक्यात पुढं पूर्ण गोष्टभर तो मेलेला ग्रह बोलत राहतो. याला कॉम्प्युटरची झगमग कमी आणि चांगला नट जास्त लागतो, म्हणून बजेटचा मुद्दा मला पटत नाही.

दुसरं म्हणजे या गोष्टीत पृथ्वीवरून कुणीही मदतीला येत नाही. त्याच काळात मार्व्हलच्या पृथ्वीवर ‘सिव्हिल वॉर’ चालू होतं, आयर्न मॅन आणि कॅप्टन अमेरिका एकमेकांशी भांडण्यात गुंतलेले, वर आकाशात अब्जावधी मरायलेत आणि खाली कुणाला पत्ता नाही. नंतर रिचर्ड घरी येतो तेव्हा त्याचा राग बघण्यासारखा आहे. मोठमोठ्या नटांची गर्दी न करता वेगळा पिक्चर करायला हे फार चांगलं आहे. लढणारे कोण, तर रोनान, सुपर स्क्रल, ड्रॅक्स, गमोरा, आणि गार्डियन्समधला पीटर क्विल, जो इथं जोक मारणारा नाही, थकलेला जुना सैनिक आहे. सुपर स्क्रलचा भाग तर मला सगळ्यात जास्त आवडतो, आपला मुलगा ज्या ग्रहावर आहे तो वाचवायला तो शत्रूच्या विश्वात शिरतो, आणि आयुष्यभर व्हिलन असलेला माणूस आपल्याला आपला वाटायला लागतो.

तिसरं, गॅलक्टस, म्हणजे ग्रह खाणारा तो महाकाय. इथं तो व्हिलन नाही, कैदी आहे. थॅनॉस आणि अनायलस मिळून त्याला पकडतात आणि त्याच्या भुकेची तोफ बनवतात. थॅनॉसला राज्य नको असतं, त्याला फक्त बघायचं असतं पुढं काय होतं. आणि ज्या क्षणी त्याला कळतं की अनायलसला दोन्ही विश्वातलं सगळंच संपवायचंय, तो गॅलक्टसला सोडायला निघतो, आणि तेवढ्यात मागून ड्रॅक्स येऊन त्याचं काळीज काढतो. चौथा अंक. ड्रॅक्सला बनवलंच होतं थॅनॉसला मारायला, पिक्चरमध्ये त्याला ती संधी कधी मिळालीच नाही, आणि इथं मिळते ती सगळ्यात वाईट वेळेला.

बाकड्यावर माझ्या या मतावर आक्षेप येतो तो हा, की थॅनॉस गेला, रोनान २०१४ लाच गेला, मग करणार कसं. बँकेतले सर म्हणतात, “पात्रंच नाहीत तर गोष्ट कुणावर उभी करणार?” माझं उत्तर असं, की सीक्रेट वॉर्सनंतर विश्व नव्यानं मांडलं जाणार असेल तर रोनान परत आणायला काहीच हरकत नाही. थॅनॉस मात्र आणू नका, त्याचं झालं. त्याच्या जागी असा कुणीतरी पाहिजे ज्याला ज्ञानाची हाव आहे, सत्तेची नाही. आणि गॅलक्टसचं म्हणाल तर फँटास्टिक फोरच्या २०२५ च्या ‘फर्स्ट स्टेप्स’मध्ये तो मेलेला नाही, लांब कुठंतरी फेकला गेलाय. त्यांची पृथ्वी वेगळ्या विश्वातली आहे हे खरं, पण कुठंतरी म्हणजे कुठं, हे कुणी सांगितलेलं नाही. निगेटिव्ह झोनच्या काठावर असेल तर? मेडिकलवाला भैय्या म्हणतो की मी ओढूनताणून आणायलोय. मला नाही तसं वाटत.

एक गोष्ट चांगली झाली की आता पिक्चरवाल्यांची लाज गेली. २००७ ला गॅलक्टसचा नुसता ढग केला होता, २०११ च्या ग्रीन लँटर्नमध्ये व्हिलन पॅरालॅक्सचाही ढगच, म्हणजे त्यांना वाटायचं की शिंगाचं हेल्मेट घातलेला महाकाय माणूस दाखवला तर लोकं हसतील. फर्स्ट स्टेप्सनं चित्रकार जॅक कर्बीनं १९६६ ला काढलेलं ते जांभळं हेल्मेट सरळ पडद्यावर आणलं, आणि आमच्या इथं हिंदी शोला कुणीही हसलं नाही, सगळं थिएटर वर बघत होतं. तो दिसू शकतो तर अनायलसही दिसू शकतो.

दुकानात काय कमी आहे तेही लिहितो. डीसीची बाजू फार लंगडी आहे, ‘क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स’ आहे, पण ‘ब्लॅकेस्ट नाइट’ नाही आणि ‘सिनेस्ट्रो कोअर वॉर’चा अर्धाच संच, ज्याला ग्रीन लँटर्न आवडतो त्याची निराशा होणार. अनायलेशनच्या दुसऱ्या भागाची बाइंडिंग मधून सुटायलीय, दोन पानांवर पसरलेलं चित्र असलं की मधला भाग शिवणीत जातो, म्हणून पुस्तक पूर्ण दाबून उघडू नका, हात लावून धरा. उन्हाळ्यात माडीवर पत्र्याचा उकाडा लई असतो, एकच पंखा, लाइट गेली की इन्व्हर्टरवर फक्त ट्यूब चालते. मार्च ते जूनमध्ये घरी नेऊनच वाचा. यूपीआय चालतं. दुपारी दीड ते चार बंद, सोमवारी बंद. मुलींची संख्या वाढायलीय आणि काका सगळ्यांशी अदबीनं वागतात, खाली झेरॉक्सवाल्या ताई पण ओळखीच्या आहेत, त्यामुळं बिनधास्त पाठवा.

इंग्रजी जड जातं म्हणून काही पोरं लांब राहतात, त्यांनी नोव्हाच्या चार अंकांपासून सुरू करावं, वाक्यं छोटी आहेत, चित्रातून बरंच कळतं, आणि अडलं तर काका स्वतः शेजारी बसून सांगतात. रॉयल्टी, हक्क, कोणता स्टुडिओ कधी काय घेणार, याच्यावर वेळ घालवण्यापेक्षा हे जास्त कामाचं आहे. शेवट सांगून टाकत नाही, एवढंच सांगतो की युद्ध पूर्ण जिंकून संपत नाही, तह होतो, आणि शत्रूकडं काही मुलूख राहतो, सुपरहिरोच्या गोष्टीत असं क्वचित वाचायला मिळतं. पिक्चरमध्ये तो तह बदलला तर मला फार वाईट वाटेल.

याच्या पुढचं ‘अनायलेशन: कॉन्क्वेस्ट’ पण काकांकडं आलंय. आज जी गार्डियन्सची टीम सगळ्यांना माहितीय ती २००८ च्या कॉमिकची, आणि ते कॉमिक निघालं या कॉन्क्वेस्टमधून, तेव्हा ज्यांना रॉकेट आणि ग्रूट आवडतात त्यांनी हे सोडू नये. कॉन्क्वेस्टचा पहिला भाग सध्या माझ्याकडं आहे, शुक्रवारी परत करतो, ज्याला पाहिजे त्यानं काकांच्या वहीत आधीच नाव लिहून ठेवा, दोघं जण अगोदरच रांगेत आहेत.