जीपीजी, एज की मिनीसाइन? फाइल बंद करणं आणि सही करणं: कुणी काय निवडावं

टर्मिनलवरून, म्हणजे आदेश टाइप करून, फायली एन्क्रिप्ट करायच्या (घेणाऱ्याशिवाय कुणाला वाचता येऊ नयेत अशा करायच्या; यालाच मी पुढे 'बंद करणं' म्हणतो), त्यांवर डिजिटल सही करायची म्हटलं की कुणीही आधी जीपीजी या प्रोग्रामचं नाव सांगतं. माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. समोरचा माणूस किंवा प्रकल्प आधीपासून जीपीजी वापरत असेल, तर तेच घ्या. तशी अट नसेल, तर फायली बंद करायला एज आणि सहीसाठी मिनीसाइन ही छोट्या प्रोग्रामांची जोडी नवशिक्याला कितीतरी सोयीची आणि चुकांना कमी वाव देणारी आहे.

जोडी म्हणतोय, कारण कामंच दोन आहेत. दोन्हींसाठी प्रत्येकाकडे किल्ल्यांची जोडी असते: कुणालाही देता येणारी सार्वजनिक आणि स्वतःजवळच ठेवायची खासगी. फाइल बंद करताना आपण घेणाऱ्याची सार्वजनिक किल्ली वापरतो आणि ती उघडते फक्त त्याच्या खासगी किल्लीने. सही करताना आपली खासगी किल्ली लागते आणि ती तपासायला आपली सार्वजनिक किल्ली कुणालाही पुरते. घोटाळा होतो तो इथे: बंद फाइल आपल्या किल्लीने उघडली, म्हणजे ती ओळखीच्या माणसानेच पाठवली असं अनेकजण धरून चालतात. तुमची सार्वजनिक किल्ली ज्याच्या हाती आहे असा कुणीही तुमच्यासाठी फाइल बंद करू शकतो. पाठवणारा कोण, हे फक्त सही सांगते.

जीपीजी

फिल झिमरमन यांनी १९९१ मध्ये पीजीपी हा एन्क्रिप्शनचा प्रोग्राम लोकांना खुला केला. अमेरिकी सरकारने निर्यात नियमांवरून त्यांची चौकशी सुरू केली आणि ती १९९६ मध्ये सोडून दिली. पुढे त्याचं ओपनपीजीपी हे खुलं मानक झालं. त्या मानकावर जर्मनीतल्या व्हेर्नर कॉख यांनी जीपीजी लिहिलं, त्याची १.० आवृत्ती सप्टेंबर १९९९ मध्ये आली. डेबियन या लिनक्स प्रणालीची पॅकेजं आणि लिनक्स कर्नलच्या आवृत्त्या आजही ओपनपीजीपी सह्यांवर चालतात. २०१३ मध्ये अमेरिकी सरकारची पाळत उघड करणाऱ्या एडवर्ड स्नोडेन यांनी पत्रकारांशी संपर्क साधला तोही याच पद्धतीने बंद केलेल्या ईमेलमधून.

जीपीजी एकाच आदेशात सही करून फाइल बंद करतं. किल्लीला मुदत घालता येते. किल्ली तयार होतानाच ती रद्द करण्याचं प्रमाणपत्रही बनवून ठेवलं जातं, म्हणजे लॅपटॉप चोरीला गेला तर 'ही किल्ली आता मानू नका' असं जगाला सांगता येतं. खासगी किल्ली स्मार्टकार्डावर किंवा युबिकीसारख्या यूएसबी साधनावर ठेवता येते. मोठ्या संस्थेला हे सगळं लागतं, आणि एज किंवा मिनीसाइनमध्ये मुदत आणि रद्द करण्याची सोय मुळातच नाही.

मग अडचण कुठे आहे? पर्यायांचं जंगल हा पहिला त्रास. दुसरा त्रास किल्लीच्या ओळखीचा. प्रत्येक किल्लीला ४० अक्षरांचा ठसा (फिंगरप्रिंट) असतो. पूर्वी लोक किल्ली ओळखायला त्याची शेवटची ८ अक्षरं बघायचे. तेवढी अक्षरं जुळणारी खोटी किल्ली बनवणं सोपं निघालं, आणि २०१६ मध्ये लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स यांच्या नावाच्या अशा खोट्या किल्ल्या सार्वजनिक किल्ल्या साठवणाऱ्या सर्व्हरवर सापडल्या. म्हणून सगळी ४० अक्षरं जुळवायची, तीही फोनवर किंवा समोरासमोर. किल्ली खरी आहे अशी ग्वाही म्हणून इतर लोक तिच्यावर सही करू शकतात. २०१९ मध्ये दोन जाणत्या स्वयंसेवकांच्या किल्ल्यांवर हजारो निरर्थक सह्या चिकटवल्या गेल्या. त्या किल्ल्या उतरवून घेतल्या की जीपीजीच अडखळायचं. 'अनोळखी लोक एकमेकांच्या किल्ल्यांची ग्वाही देतील' या जुन्या कल्पनेवर माझा तेव्हापासून भरवसा उरलेला नाही.

तिसरी गोष्ट ताजी आहे. २०२४ मध्ये ओपनपीजीपीचं नवं मानक आलं, पण जीपीजीने ते न स्वीकारता लिब्रेपीजीपी ही वेगळी वाट धरली. नव्या धाटणीच्या किल्ल्या सगळीकडे चालतील असं आता गृहीत धरता येत नाही. ओपनपीजीपी लागणारच असेल आणि पाटी कोरी असेल, तर जीपीजीऐवजी रस्ट भाषेत लिहिलेलं सिक्वोया हे साधन जरूर बघा.

एज

फिलिपो वाल्सोर्दा आणि बेन कार्टराइट-कॉक्स यांनी आखलेल्या या साधनाची १.० आवृत्ती २०२१ मध्ये आली. सार्वजनिक किल्ली ६२ अक्षरांची एकच ओळ असते. ईमेलच्या तळाशी सहज मावते. गणिती पद्धत निवडायचा प्रश्नच येत नाही, कारण ती ठरलेलीच आहे. मोठी फाइल ६४ केबीच्या तुकड्यांत बंद होते आणि उघडताना प्रत्येक तुकडा आधी तपासला जातो. दूरच्या सर्व्हरवर लॉगिन करायला तुमच्याकडे एसएसएच (सुरक्षित जोडणीची पद्धत) किल्ली असेल, तर तीही चालते.

एक फरक पत्रकारांनी नीट लक्षात घ्यावा. जीपीजीच्या बंद फाइलवर ती कुणाच्या किल्लीसाठी आहे याचा क्रमांक उघडपणे दिसतो. तो लपवायचा तर वेगळा पर्याय द्यावा लागतो. एजच्या स्वतःच्या किल्ल्यांबाबत असा मागमूस राहत नाही. एसएसएच किल्ली वापरली, तर मात्र छोटीशी खूण राहते.

एज सही करत नाही. शिवाय त्याने बनवलेली खासगी किल्ली साध्या मजकुराच्या फायलीत पडून असते; तिला पासफ्रेज (लांब पासवर्ड) लावायचं काम तुमचं. जीपीजी पासफ्रेज आपणहून विचारतं.

सहीसाठी

फ्रँक डेनिस यांचं मिनीसाइन फक्त सही करतं. सार्वजनिक किल्ली ५६ अक्षरांची, सही वेगळ्या छोट्या फायलीत. त्या सहीत एक शेरा लिहिता येतो आणि तो शेराही सहीने बांधलेला असतो. तिथे तारीख, आवृत्ती आणि फाइल कुणासाठी आहे ते लिहा. सही केलेलं पत्र घेणाऱ्याने तिसऱ्यालाच पुढे पाठवलं, तर ते त्या तिसऱ्यासाठी लिहिलं होतं असं भासू शकतं. नाव लिहिलं की ती वाट बंद होते. एजसोबत वापरताना आधी सही करा, मग फाइल आणि सही एकत्र बांधून बंद करा, म्हणजे सही करणाराही बाहेर दिसत नाही.

प्रोग्रामरांना याहून जवळचा पर्याय आहे. ओपनएसएसएच या एसएसएचच्या प्रोग्राममध्ये २०१९ पासून फायलींवर सही करता येते आणि कोडमधले बदल नोंदवणाऱ्या गिटनेही २०२१ मध्ये त्या सह्या स्वीकारल्या. किल्ली आधीच हाताशी असल्याने मी त्यांना हाच मार्ग सुचवतो.

सहीची मर्यादाही ओळखा. २०२४ मध्ये एक्सझेड या लिनक्सवरच्या साधनात चोरवाट घालणाऱ्याने प्रकल्पात रीतसर जागा मिळवली होती आणि त्या आवृत्त्यांवर त्याचीच सही होती. सही कुणाची हे कळलं. आत काय आहे, ते कुणीतरी वाचावंच लागतं.

कोणतंही साधन घ्या, तीन गोष्टी करा. फाइल बंद करताना घेणाऱ्यांमध्ये स्वतःची किल्लीही जोडा, नाहीतर ती तुम्हालाच उघडणार नाही. बंद प्रत तयार झाली तरी मूळ फाइल डिस्कवर तशीच राहते, हे विसरू नका. आणि खासगी किल्लीची प्रत दुसऱ्या ठिकाणी ठेवून, तिने एक फाइल उघडून बघा. ती गेली तर परत मिळवून देणारं कुणी नाही.

आणि ई-टेंडर किंवा कंपनीची विवरणपत्रं यांसाठी हे शोधत असाल, तर यातलं काहीच चालणार नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० खाली परवानाधारक प्रमाणन संस्थेने दिलेलं डीएससीच (डिजिटल सही प्रमाणपत्र) तिथे लागतं.