कर्ज विकत घेतलेल्या कंपनीची सेवा : कागद मिळाले, पण तिसऱ्या अर्जानंतर

सांगलीच्या गणपती पेठेत आमचे किराणा मालाचे दुकान आहे. २०१८ मध्ये खेळत्या भांडवलासाठी एका वित्त कंपनीकडून काढलेले कर्ज पुढे थकले आणि त्या कंपनीने ते दुसऱ्या एका वित्त कंपनीला विकले. या दुसऱ्या कंपनीच्या स्थानिक कार्यालयाचा सात महिन्यांचा अनुभव येथे नोंदवीत आहे.

कंपनीचे पहिले पत्र चार ओळींचे होते. कर्ज आता आमच्याकडे आले आहे, येणे रक्कम अमुक, भरणा या खात्यात करावा, एवढाच मजकूर. जुन्या कंपनीची सही नाही, हस्तांतरणाचा दिनांक नाही आणि रक्कम कशी निघाली याचा हिशेबही नाही. कर्ज विकण्यास ऋणकोची, म्हणजे कर्जदाराची, संमती लागत नाही, हे मला मान्य आहे. परंतु मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम १३० नुसार असे येणे दुसऱ्याच्या नावे करण्यास ते देणाऱ्याच्या, म्हणजे येथे जुन्या कंपनीच्या, सहीचा लेखी दस्त लागतो. आणि कलम १३१ नुसार ऋणकोला द्यायच्या सूचनेवरही देणाऱ्याची किंवा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीची सही लागते, त्याने नकार दिला तरच घेणाऱ्याची चालते.

मी यावर अडून बसलो, त्याला कारण आहे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात दुकानात पाणी शिरले, तेव्हा गल्ल्याशेजारच्या कपाटातील कर्जाची फाईल भिजून लगदा झाली. त्या वर्षीचे मे आणि जूनचे हप्ते आम्ही रोख भरले होते. वाळवून ठेवलेल्या एका पावतीवर आज गोल शिक्क्याची जांभळी कड तेवढी दिसते, आकडा दिसत नाही. आम्ही काय भरले हे सांगणारा कागद उरला असेल तर तो जुन्या कंपनीच्या दप्तरात, आणि तेथील माणसे आम्हाला नव्या कंपनीकडे बोट दाखवीत होती.

पहिला अर्ज खिडकीवर दिला आणि पोच घेतली नाही. ती माझी चूक, कारण पुढे तो सापडलाच नाही. दुसरा नोंदणीकृत टपालाने पाठवला, त्यावर दस्त गोपनीय असल्याचे उत्तर आले. एका दस्तात अनेकांची खाती असतात, त्यामुळे इतरांची माहिती झाकणे रास्तच आहे. आमचे खाते आमच्यापासून झाकणे मात्र रास्त नव्हे. म्हणून तिसऱ्या अर्जात दस्ताचे पहिले व सह्यांचे पान, परिशिष्टातील फक्त आमची ओळ आणि पहिल्या दिवसापासूनचा खाते उतारा मागितला. हे सर्व अठरा दिवसांत साक्षांकित होऊन मिळाले. परिशिष्टाच्या पानावर इतर ओळींवर कागद ठेवून झेरॉक्स काढली होती, आणि मधोमध आमचा खाते क्रमांक व मुद्दल स्पष्ट होते.

जुन्या उताऱ्यात मे आणि जूनचे दोन्ही हप्ते जमा होते. नव्या कंपनीने मागितलेल्या रकमेत ते वजा नव्हते. कलम १३२ नुसार येणे घेणाऱ्याला ते मूळ धनकोवरील सर्व दायित्वांसह घ्यावे लागते, तेव्हा त्याला पोचलेला हप्ता नव्यानेही धरलाच पाहिजे. हे दाखवताच वसुली अधिकाऱ्यांनी वाद न घालता दुरुस्तीचे पत्र दिले. त्यांची वागणूक सभ्य होती आणि दुकानात येऊन कोणी चारचौघांत बोलले नाही, याची नोंद मी आवर्जून करतो.

पाचपैकी तीन तारे देत आहे. त्या दोन हप्त्यांवर लावलेले व्याज अद्याप कमी झालेले नाही. त्यासाठी चौथा अर्ज दिला आहे, आणि या वेळी त्याची पोच माझ्याकडे आहे.