कठड्याचा माथा: गिलावा की दगडी कोपिंग?

गच्चीचा कठडा फुगला किंवा त्याचे पोपडे खाली पडू लागले की दोष विटांना लागतो. पाणी शिरलेलं असतं ते बहुतेक वेळा माथ्यावरून. म्हणून दुरुस्ती काढली की माथ्यावर सिमेंटचा गिलावा ओढायचा की दगडी लाद्या (कोपिंग) बसवायच्या, हे आधी ठरवावं लागतं.

गिलावा स्वस्त पडतो, लवकर होतो आणि वळणावर अडत नाही. वजनही कमी. जुन्या, अर्ध्या विटेच्या कठड्यावर हा मुद्दा मोठा आहे.

खटकते ती त्याची भेग. माथा उन्हात तापतो, रात्री आकसतो. १० मीटर लांबीत तापमान ३० अंशांनी बदललं तर साधारण ३ मिमी हालचाल होते, आणि सांधा ठेवलेला नसला की गिलावा वाटेल तिथे तडकतो. भेग केसाएवढी असते, कोरड्या दिवशी दिसतही नाही. पाऊस उघडल्यावर माथा वाळू लागला की पाहा: सगळीकडे कोरडं पडतं, भेगेची रेघ तेवढी काळपट ओली राहते. तिच्या दोन्ही अंगांना हातोडीने हलकेच ठोका. पोकळ आवाज आला तर गिलावा विटेपासून सुटला आहे. नुसतं सिमेंट भरून उपयोग नाही, कारण भेग हलती आणि भरण ताठ. पुढच्या उन्हाळ्यात तीच रेघ पुन्हा उघडते.

दगडी कोपिंगही गळतं. पण कुठे गळेल ते ठाऊक असतं: सांध्यात. ८ ते १० मिमीचा सांधा, आत फोमची दोरी, वर पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट, म्हणजे रबरासारखं लवचिक भरण. तपासताना अंगठ्याने दाबत जायचं, कड सुटलेली दिसली की तेवढाच भाग कापून नवा भरायचा. माझ्या मते देखभालीत हा फरक फार मोठा आहे.

मात्र बसवताना हयगय चालत नाही. लादीखाली जलरोधक थर हवा, कारण सीलंट कधीतरी सुटणारच. उतार गच्चीकडे. बाहेर ५० मिमी पुढे काढून तळाला, कडेपासून १५ मिमी आत, १० मिमीची खाच हवी. नाहीतर पाणी तळाला चिकटून भिंतीवर परत येतं. रंगकामात ही खाच भरली जाते, तेवढं लक्ष ठेवा. आणि प्रत्येक लादी स्टेनलेस स्टीलच्या पिनांनी धरलेली असावी. नुसत्या मसाल्यावर टेकलेली लादी दिसायला पक्की असते आणि एक दिवस खाली जाते. आतल्या बाजूला उभं राहून, बाहेर न वाकता, एकेक लादी हाताने हलवून पाहा. हलली तर आधी खालची वाट बंद करा.

कठडा ओळंब्यातून बाहेर गेला असेल किंवा स्लॅबच्या पातळीला लांब आडवी भेग असेल, तर दोन्ही पर्याय बाजूला ठेवून आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. कठडा लाद्यांचं वजन पेलणारा असेल तर माझा कल दगडाकडे. गिलावाच करायचा झाला तर दीड-दोन मीटरवर सांधा कापून त्यात सीलंट भरा, आणि रेलिंगचे खांब माथ्यात न रोवता आतल्या अंगाला बसवा.